‘ताठ उभे राहा’ म्हणण्याआधी

खुर्चीतून उठणे, मागे वळणे, उंबरा ओलांडणे ही कामे आपण विचार न करता करतो. पार्किन्सन्सच्या रुग्णाला नेमकी हीच जड जातात. ‘जरा ताठ उभे राहा ना,’ असे घरचे वारंवार सांगतात. पण वाकून चालणे हा आळस नसतो.

मेंदूच्या एका भागातील पेशी नष्ट होत गेल्याने या आजारात डोपामाइन हे रसायन कमी पडते. सवयीच्या हालचाली आपोआप घडवणारी यंत्रणा त्यामुळे मंदावते. स्नायू ताठरतात, पावले आखूड पडतात, शरीर पुढे झुकते. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच या झुकण्याची नोंद केली होती. औषधांनी ताठरपणा आणि मंदपणा बराच कमी होतो, पण तोल सावरण्यास त्यांची मदत तुलनेने थोडी होते. आणि तोल गेला की पडण्याची, हाड मोडण्याची भीती असते.

इथे ‘अलेक्झांडर तंत्रा’चे धडे उपयोगी पडू शकतात. टास्मानियात १८६९ मध्ये जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर हे रंगमंचावर काव्यवाचन करत. त्यांचा आवाज बसू लागला. आरशात पाहिल्यावर कळले, की बोलायला सुरुवात करतानाच ते मान मागे ओढतात. त्यातून ही पद्धत घडली.

धड्यात घाम गाळायचा नसतो. शिक्षक मानेला, पाठीला हलका हात लावून दिशा दाखवतात. उठण्याआधी क्षणभर थांबायचे, मान सैल सोडायची, मगच उठायचे. आपोआप न होणारी हालचाल जाणीवपूर्वक करायला शिकणे, हे याचे सूत्र.

लंडनमधील ९३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांबरोबर २४ धडे घेतलेल्यांना रोजची कामे सोपी वाटू लागली आणि सहा महिन्यांनंतरही हा फायदा टिकून होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तोल किंवा हालचालींची अडचण असलेल्यांसाठी या तंत्राचा विचार करावा, असे म्हटले आहे.

अर्थात यामुळे आजार बरा होत नाही, औषधे तर मुळीच बंद करू नयेत. या तंत्राचे शिक्षक जवळपास नसतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडे जावे.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. चालताना पाय जागीच खिळले, तर हात धरून ओढू नये. रुग्णाला थांबू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्यावे. मग ‘एक, दोन’ म्हणत पाऊल टाकू द्यावे. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा फेर घ्यावा. वाटेतली सतरंजी, पायपुसणे उचलून ठेवावे. आणि मुख्य म्हणजे, घाई करू नये. थांबण्याचा तो क्षण म्हणजेच उठण्याची तयारी असते.