काडतुसातील गोळी विलग करण्याच्या पद्धती : जडत्वाच्या नियमाचे एक उपयोजन

प्रस्तावना :
अमेरिकेत काडतुसे घरी भरण्याचा छंद नेमबाज व शिकारी यांच्यात रूढ आहे. पितळी कवच, प्रायमर, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम). दारू अधिक पडल्यास बंदूक फुटू शकते. ती मुळीच न पडल्यास केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते व पुढील बार जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मापाविषयी शंका येताच काडतूस मोडणे इष्ट ठरते.

पद्धती :
पहिली पद्धत जडत्वावर आधारित आहे. हातोडीच्या आकाराच्या पोकळ साधनात काडतूस बुडाशी पकडून साधन कठीण पृष्ठभागावर आपटतात. साधन व कवच थांबते, परंतु न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार गोळी गतिमान राहते व कवचातून निसटते. गोळी व दारू पोकळीत जमा होतात. जड गोळी लवकर सुटते, हलक्या गोळीस अधिक आघात लागतात.

दुसऱ्या पद्धतीत भरणीच्या प्रेसवर बसविलेला कॉलेट गोळीस आवळून धरतो व दांडा खाली घेताच कवच ओढले जाते. दारू कवचातच राहते व काडतुसे अधिक असल्यास वेळ वाचतो. मात्र पकडीस पुरेसा भाग नसलेल्या आखूड गोळ्यांना ती गैरसोयीची ठरते. गोळी घट्ट बसली असल्यास प्रथम ती किंचित आत दाबून पकड सैल करतात.

घटकांचा पुनर्वापर :
गोळी व कवच अक्षत असल्यास पुन्हा वापरता येतात. कवचाची मान पुन्हा आवळताना जिवंत प्रायमर असल्यास तो काढणारी सुई आधी काढून ठेवावी लागते. दारूबाबत मात्र नियम कठोर आहे. निरनिराळ्या दारूंचा ज्वलनवेग भिन्न असूनही त्या दिसावयास सारख्या असतात. सबब ओळख निश्चित नसलेली दारू टाकून द्यावी.

दक्षता :
डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक आहे. ज्या काडतुसांत स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असते, ती रिमफायर काडतुसे आघाताच्या साधनात कदापि घालू नयेत.

निष्कर्ष :
भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये काडतुसांच्या निर्मितीस परवाना लागतो. त्यामुळे हा छंद येथे अनुकरणीय नसला, तरी जडत्वाचे उदाहरण म्हणून त्याचे शैक्षणिक मूल्य निश्चितच आहे. बचत घटकांची करावी, शंकेची करू नये, हेच या प्रक्रियेचे सार होय.