परराज्यातली गाडी आपल्या पासिंगला आणताना

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या गटांकडून या हंगामात आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा आली ती गाडीची. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात न्यायची. पावडर केली तर दुकानोदुकानी पोचवायची. प्रत्येक खेपेला टेम्पोवाल्याला भाडं द्यायचं. म्हणून गटाचा स्वतःचा छोटा हत्ती नाहीतर पिकअप असावा, असं बऱ्याच गटांनी मनावर घेतलंय. मग कोणीतरी येऊन सांगतं, निजामाबादला, हैदराबादला गाडी स्वस्त मिळते. एका गटाला तर हैदराबादच्या दलालाने थेट जपानहून आलेली मोटार दाखवली होती.

गाडी स्वस्त मिळते हे खोटं नाही. पण गाडी आणणं ही एक गोष्ट, आणि तिचं एमएच-३८ पासिंग होऊन आरसी बुकावर आपलं नाव लागणं ही दुसरी. गट फसतात ते या दोन्हींच्या मधल्या वाटेवर. म्हणून आज ती वाट नीट चालून बघू.

आधी एनओसीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. ती दोन प्रकारची असते आणि दलाल बहुतेक वेळा एकच दाखवून मोकळा होतो. पहिली बँकेची. जुन्या मालकाने कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो, अगदी सातबारावर चढतो तसा. कर्ज फिटलं की बँक पत्र देते आणि नमुना ३५ वर सही-शिक्का करून देते. हा कागद आरटीओत दिल्यावरच बोजा उतरतो. नुसतं पत्र घरात ठेवलं तर बोजा तसाच राहतो.

दुसरी एनओसी आरटीओची, नमुना २८ ची. गाडीची नोंद ज्या कार्यालयात आहे तेच ती देतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे देण्याआधी त्यांनी पोलिसांकडून लेखी घ्यायचं असतं की या गाडीबद्दल चोरीची तक्रार नाही, आणि सरकारचा कर थकलेला नाही हेही तपासायचं असतं. अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हा कागद नसेल तर आपल्या हिंगोलीच्या कार्यालयात गाडीला नवा नंबर मिळत नाही. त्यावर कोणत्या कार्यालयाकडे गाडी चालली आहे तेही लिहिलेलं असतं. नांदेडचं नाव लिहून आणलं आणि गाडी हिंगोलीत उभी केली, तर पुन्हा हेलपाटे. अर्ज करतानाच हिंगोली असं लिहून घ्या.

आता पैशाचा क्रम. आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. बयाणा द्या, करारपत्रावर लिहून घ्या की एनओसी मिळाल्यावर उरलेली रक्कम. दलाल म्हणेल, ताई, आजच दुसरं गिऱ्हाईक येतंय. येऊ द्या. ज्या गटांनी गाडी आधी आणली आणि कागद मागून येतील म्हणून थांबले, त्यांची गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी राहिल्याचं आम्ही पाहिलंय. बँकेचा हप्ता मात्र एक तारखेला जातोच.

बयाणा देण्याआधी एक काम मोबाइलवर होतं. एम-परिवहन हे सरकारी ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. दंडाची चलनं थकली आहेत का ते ई-चलनात वेगळं बघा. गटात बारावी झालेली एखादी लेक असतेच, तिला बसवा. मग गाडीजवळ जाऊन चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. तिथे घासल्याची, पुन्हा ठोकल्याची, नवा रंग मारल्याची खूण दिसली तर चहासुद्धा न घेता परत या. आपल्या कार्यालयात निरीक्षकही हाच नंबर तपासतात, त्याचा पेन्सिलने छाप घेतात. तिथे जमलं नाही तर पुढचं सगळं अडलं.

आणि फारच स्वस्त गाडी दिसली तर ती मुळात कुठली, हे विचारा. दिल्ली आणि आजूबाजूच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या मोठ्या संख्येने बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. गाडी वाईट असतेच असं नाही. पण आयुष्याची किती वर्षं उरली, हे किमतीत धरायला हवं. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. मालाच्या गाडीला फिटनेस लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

गाडी आणि एनओसी आली की पुढचे कागद असे. नवीन नंबरसाठी नमुना २७. खरेदी-विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०, त्यावर विकणाऱ्याच्याही सह्या लागतात, म्हणून तो माणूस समोर असतानाच घ्या. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड. मग कराचा भरणा आणि गाडी कार्यालयात नेऊन तपासणी.

इथे मुदतीचा एक गैरसमज आहे. पुष्कळ जण सांगतात, परराज्यातली गाडी वर्षभर तशीच चालते. कायद्याच्या कलम ४७ मध्ये १२ महिने आहेत खरे, पण ते नव्या राज्यात नवा नंबर घेण्यापुरते, म्हणजे बदली होऊन आलेल्या नोकरदाराने स्वतःची गाडी सोबत आणली तर लागू पडतात तसे. गाडी विकत घेतली असेल तर कलम ५० लागतं. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव बदलाचा अर्ज करायचा. विकणाऱ्यानेही कळवायचं, त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत. त्यामुळे १२ महिन्यांचा आकडा ऐकून निवांत बसू नका.

कराचा हिशोब भाव ठरवण्याआधी करा. महाराष्ट्रात खाजगी मोटारीचा कर एकरकमी असतो आणि तो किंमत आणि इंधन बघून ठरतो. १० लाखांच्या आतल्या नव्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के, डिझेल मोटारीला १३ टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो, पण बसतो. जुन्या मालकाने तेलंगणात भरलेला कर आपल्या इथे चालत नाही. मालवाहू गाडीचे दर वेगळे. म्हणून आरसीची झेरॉक्स घेऊन आधी आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर जा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. समजा इथे जी पिकअप चार लाखांना मिळते ती तिकडे सव्वातीन लाखांना मिळाली. पाऊण लाख वाचले असं वाटतं. त्यातून कर, फी, दोन-तीन जणींचं जाणं-येणं, नव्या नंबरच्या पाट्या, विम्यातला बदल आणि एजंट धरला तर त्याचे पैसे वजा करा. कधी वाचतात, कधी उलटे पदरचे जातात. हा हिशोब गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडा, एकटीने मनात करू नका.

पाटीबद्दल थोडंसं. मालाची गाडी असेल तर पिवळी पाटी, खाजगी असेल तर पांढरी. खाजगी पासिंगच्या गाडीत भाड्याने माल वाहिला की दंड तर होतोच, अपघातात विमाही अडतो. आणि मालाच्या पिकअपमध्ये पाठीमागे बाया बसवून शिबिराला नेऊ नका. गाडीत मागून बाक बसवणं, आरसीवर न चढवता सीएनजी किट टाकणं, हेही कलम ५२ मध्ये अडकतं. तपासणीच्या दिवशी असं काही दिसलं तर गाडी परत पाठवतात.

आता जपानच्या गाडीचं. आपण ज्यांना जपानी गाड्या म्हणतो त्या सुझुकी, टोयोटा, होंडा कंपन्यांच्या असल्या तरी बहुतेक इथेच बनतात. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून ग्राहकाच्या हातात गेली, सुझुकीच्या भागीदारीत. अशा कंपनीने नवं मॉडेल आणलं की त्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत होते. पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक, १९६६ पासूनची. ब्रेक, दिवे, धूर सगळं तपासून मॉडेलला एकदा मान्यता मिळाली की त्या मॉडेलची प्रत्येक गाडी तपासायला लागत नाही. आरटीओत नोंद सोपी होते ती म्हणून.

जपानमध्ये वापरलेली गाडी जहाजाने इथे आणली तर ही मान्यता तिला नसते. तिथेही आपल्यासारखं डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की अडचण काय? अडचण कागदाची आहे. वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारी हवी, दिव्यांचा झोत डावीकडून चालण्याला जुळणारा हवा, चाचणीचं प्रमाणपत्र हवं आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. सीमाशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीइतके किंवा त्याहून जास्त होतात. महाराष्ट्रात आयात मोटारीचा रस्ता करही वरच्या दराने, २० टक्के. नोंदणीला सीमाशुल्क खात्याचा कागद लागतोच. इतकं करून स्वस्तात विकणं परवडत नाही. म्हणून जपानहून आलेली जुनी गाडी कोणी स्वस्तात दाखवली, तर आधी सीमाशुल्काचा कागद मागा.

केरळात सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं ते बातम्यांत आलं होतं. सीमाशुल्क खात्याने ऑपरेशन नुमखोर या नावाने छापे टाकले आणि तीसहून अधिक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमार्गे गाड्या आणून, सैन्याची किंवा दूतावासाची म्हणून खोटी कागदपत्रं दाखवून त्यांची भारतात नोंदणी केली गेली, असं खात्याचं म्हणणं होतं. त्यात जपानी कंपन्यांच्या मोठ्या गाड्याही होत्या. चौकशी नामांकित अभिनेत्यांच्या घरापर्यंत गेली. म्हणजे नंबर आहे, आरसी आहे, पण मूळ कागदच खोटा ठरला, तर शेवटच्या हातात असलेल्या माणसाच्या दारातून गाडी उचलली जाते. एक साधी खूण सांगतो. भारतात बनलेल्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि बहुतेक वेळा इंग्रजी 'एम'पासून सुरू होतो. जपानच्या स्थानिक बाजारातल्या गाड्यांवरचा नंबर याहून लहान असतो. भारतात बनलेली म्हणून दाखवलेल्या गाडीवर असा आखूड नंबर दिसला, तर विचारा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आरसीवर कोणाचं नाव लागणार या प्रश्नाला. नोंदणीकृत संस्था, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीच्या नावावर गाडी होऊ शकते. गटाची तशी स्वतंत्र नोंदणी नसेल तर बहुधा एका ताईच्या नावावर घ्यावी लागते. मग ठराव पुस्तिकेत स्पष्ट लिहा: गाडी गटाच्या पैशाची, नाव फक्त अमुक ताईचं, हप्ता कोण भरणार, गाडी विकली तर रक्कम कशी वाटायची, आणि ताई गट सोडून गेली तर नाव कधी बदलायचं. सगळ्यांच्या सह्या, तारखेसह.

याचं कारण असं की अपघात झाला तर कायदा आरसीवरचं नाव बघतो. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. गाडी हातोहात विकली गेली होती, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं होतं, आणि त्या गाडीखाली एका मुलाचा जीव गेला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या माणसावरच टाकली, मी तर केव्हाच विकली हे त्याचं म्हणणं चाललं नाही. आपल्याकडे महिलेच्या नावावर कर्ज लवकर मिळतं म्हणून पुतण्यासाठी, दिरासाठी बाया सही करतात. गाडी चालवतो तो, आणि नोटीस येते हिच्या नावाने. ती सही करायची की नाही हे ज्या त्या घरचं, पण काय सही करतोय हे माहीत असू द्या. निदान विमा चालू आहे का आणि चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं लायसन्स आहे का, हे दर वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

विम्याचंही नाव बदलावं लागतं. गाडी विकली गेली की समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग यासाठी येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं आणि एमएच-३८ चा नंबर मिळाला की तो नंबरही कळवायचा. जुन्या राज्यातली पाटी काढून नवीन उच्च सुरक्षा पाटी बसवावी लागते, कारण प्रत्येक पाटीवरचा सांकेतिक क्रमांक त्या एकाच गाडीशी जोडलेला असतो.

शेवटी राहिला तो जुन्या राज्यात भरलेला कर. इथे नोंद झाली की उरलेल्या वर्षांचा कर जुन्या कार्यालयाकडून परत मागता येतो. अर्ज तिकडेच करायचा असतो आणि इथल्या नव्या नोंदणीचा कागद जोडावा लागतो. पैसे कोणाचे, जुन्या मालकाचे की आपले, हे सौदा करतानाच करारपत्रात एका ओळीत लिहून घ्या. मागाहून फोन उचलला जात नाही.