नव्या घराचे मोजमाप

नव्या घरात राहावयास गेल्यावर त्या घराचा स्वभाव ओळखावा लागतो. त्याकरिता विजेचा मीटर व एक साधा तापमापक पुरेसा होतो.

मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली, हे तेथेच छापलेले असते. हा आकडा ३२०० असेल आणि घरात १० वॉटचा एकच दिवा जळत असेल, तर एकदा लुकलुकल्यावर पुन्हा लुकलुकण्यास जवळजवळ दोन मिनिटे लागतात. २००० वॉटचा गीझर लावताच तोच दिवा मिनिटात शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो! मीटरला हात मात्र कोणी लावू नये, दुरून पाहावे.

तापमापकाची गंमत निराळी. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात सूर्य मावळला, तरी खोलीचे तापमान लवकर उतरत नाही. कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडीत राहतो. पंखा लावूनही तापमापकातील आकडा खाली येत नाही. पंखा हवा थंड करीत नाही, अंगावरचा घाम वाळवितो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणालाच गारवा देत नाही, आणि बाहेर लाल दिवा मात्र लुकलुकतच असतो.