केस राखून कातडं कमावणं : एक प्रॅक्टिकल

गेल्या ऑक्टोबरमध्ये ‘ए’ विंगच्या गच्चीवरून दोन दिवस जो वास येत होता, त्याचा गुन्हेगार मीच. तेव्हा कबूल करायची हिंमत झाली नाही. आता या लेखातून सगळं सांगून टाकतो, म्हणजे शिव्या एकदाच बसतील.

सुरुवात व्हायव्हातून झाली. आमच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या पुस्तकात चामड्यावर इनमीन चार पानं आहेत. बहुतेक जण ती ऑप्शनला टाकतात. मीही टाकली असती, पण फ्लो डायग्राम पाहिला आणि थबकलो. भिजवणं, चुन्यात घालणं, खरवडणं, कमावणं, तेल देणं, एकेक चौकोन आणि पुढे बाण. हे सगळे चौकोन माझे आबा, म्हणजे आजोबा, ओळीने करायचे. शाळेत ते दुसरीपर्यंत गेलेले. कातडी कमावणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि हॉस्टेलवर तीन वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

व्हायव्हाला सरांनी विचारलं, “समजा केस ठेवायचेत, तर यातली कुठली स्टेप गाळशील?” मी म्हणालो, “चुन्याची.” सर म्हणाले, “बरं. मग तंतू मोकळे कोण करणार?” मी गप्प. सरांनी मार्क दिले, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी थोडी थिअरी. कातड्यात मुख्य माल कोलॅजेनचा. त्याच्या तंतूंची दाट वीण असते आणि वीणीच्या फटींत इतर प्रथिनं आणि चरबी भरलेली असते. ओलं ठेवलं तर ते कुजतं, नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. कमावणं म्हणजे त्या तंतूंमध्ये असं काहीतरी बसवायचं की ते कुजूही नयेत आणि वाळताना एकमेकांना चिकटूही नयेत. कच्च्या कातड्याचा तुकडा पाण्यात तापवत नेला, तर ६० ते ६५ अंश सेल्सियसला तो एकदम आक्रसतो. बाभूळ-हिरड्यात कमावलेला ७५ ते ८५ पर्यंत टिकतो. क्रोमचा चांगला कमावलेला तुकडा उकळत्या पाण्यातही तसाच राहतो. थर्मामीटर आणि बीकर असला की ही परीक्षा कुणालाही घेता येते.

नेहमीच्या चामड्यात केस नकोच असतात. चुना केसांच्या मुळाशी असलेल्या कोवळ्या पेशी सैल करतो, केस निघतात, आणि त्याच वेळी तंतूंमधला गाळही सुटतो. एका दगडात दोन पक्षी. केस ठेवायचे म्हटलं की चुना बाद, आणि दुसरा पक्षी हातचा जातो. शिवाय खरी अडचण पुढेच आहे. चुना जे काम करतो तेच काम जीवाणू फुकटात करतात! जनावर कापल्यापासून ते केसांच्या मुळाशी भिडतात. कातडं वरून ठणठणीत दिसतं, पण मूळ आतून सुटलेलं असतं. एकदा सुटलेला केस नंतर कुठल्याही रसायनाने परत धरत नाही. म्हणजे केसांसकट कातडं कमावणं ही पहिल्या काही तासांची शर्यत आहे. पुढचे आठ दिवस तुम्ही कितीही मन लावून काम करा, निकाल तिथेच लागलेला असतो.

हे मला आता कळतं. तेव्हा मी काय केलं ते ऐका. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानातून बोकडाचं कातडं आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून कॉटखाली सारलं आणि मॅच खेळायला गेलो. कातड्याला जनावराची ऊब असते, घडीत ती कोंडते, पिशवीत हवा नाही. जीवाणूंसाठी याहून चांगली रूम आपल्या हॉस्टेलातही मिळणार नाही. संध्याकाळी गच्चीवर नेऊन बादलीत साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं, कारण पुस्तकातला पहिला चौकोन ‘भिजवणं’ होता! सोमवारी मीठ चोळलं. मंगळवारी पोटाकडचे केस सहज चिमटीत धरले तर झुपका हातात आला. दुसरा झुपका, तिसरा. संध्याकाळपर्यंत अर्धं बोकड टकलं.

वासाची तक्रार रेक्टरांकडे गेली. मेसच्या मागे खड्डा खणून कातडं पुरलं. ते सगळं ठीक होतं. पण खड्डा बुजवताना मागून कुणीतरी म्हणालं, “रक्तातच असतं एकेकाच्या.” म्हणजे त्याला माझं आडनाव कळत होतं तर. हसणारे चार-पाच जण होते. मी वळून पाहिलं नाही. त्या रात्री अभ्यास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना फोन केला. या विषयावर आयुष्यात पहिल्यांदा. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, “तुला इंजिनेर व्हायला धाडलंय का ह्यासाटनं?” आमच्या घरात ही शपथच होती. आबांनी वडिलांना हौदाजवळ फिरकू दिलं नव्हतं, शिकवून नोकरीला लावलं. चुन्याने हाताला पडलेल्या भेगा, कपड्यांतून न जाणारा वास, गावात घोटभर पाणी मागायची चोरी, हे पोरांच्या वाट्याला नको, एवढंच त्यांना हवं होतं. मी केस गळल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते हसले. “आरं, क्यास घालवायला आमी चुन्यात घालायचो, आन् तू राखायला निघालास?” आणि लगेच, “मीठ कवा लावलंस?” मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. फोनमध्ये ‘च्च’ असा आवाज आला.

दिवाळीच्या सुट्टीत गावी दुसरा प्रयोग केला. आता कृती सांगतो, कारण काही जणांनी खरंच विचारलंय.

कातडं काढलं की तासाभरात मीठ. थंड व्हायला सावलीत पसरायचं, घडी नाही, पिशवी नाही. मांसाची बाजू वर करून बारीक मीठ चोळायचं, कातड्याच्या वजनाच्या निम्मं. दोन किलोचं कातडं असेल तर एक किलो मीठ. कडा, मान आणि पायांच्या सुरकुत्या विसरायच्या नाहीत, केस तिथूनच जायला लागतात. उतरती फळी ठेवली की सुटलेलं पाणी वाहून जातं. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लावलं. असं चार दिवस.

मग धुणं. जरा मीठ घातलेल्या गार पाण्यात, तेही मऊ होण्यापुरते काही तास. केसांतला तेलकटपणा काढायला थोडी कपड्यांची पावडर. त्यानंतर खरवडणं, आणि सगळ्यात कंटाळवाणं काम हेच. गोलसर ओंडक्यावर कातडं टाकून आतल्या बाजूचं मांस, चरबी आणि तो पातळ पापुद्रा काढायचा. पापुद्रा राहिला तिथे पुढचं औषध आत शिरत नाही आणि वाळल्यावर तेवढाच भाग पापडासारखा वाजतो. मी धारदार सुरी घेतली आणि दहा मिनिटांत दोन भोकं पाडली. आबा बाजेवरून बघत होते. बोलले काहीच नाहीत, पण आत जाऊन एक जुनी बोथट पट्टी घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. कापायचं नसतं, ढकलायचं असतं.

आता कमावणं. मी तुरटी वापरली. किराणा दुकानात मिळते तीच, पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं दुहेरी सल्फेट. एका बादलीत ८ लिटर पाण्यात ९०० ग्रॅम तुरटी. दुसऱ्या भांड्यात ४ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम मीठ आणि २२० ग्रॅम स्फटिकी धुण्याचा सोडा. दुसरं पहिल्यात अगदी हळूहळू ओतायचं, ढवळत. फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर या बादलीत आहे. तंतूंमधली गाळाची प्रथिनं बऱ्याच अंशी मिठाच्या पाण्यातच विरघळतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, त्याने वीण सैल होते. पण नुसत्या आम्लात कातडं फुगून खराब होतं, त्याला मीठ आवर घालतं. आणि सोड्यामुळे आम्ल थोडं कमी झालं की ॲल्युमिनियम कोलॅजेनला धरू लागतं. चुन्याचं काम असं मीठ, आम्ल आणि खरवडणं यांनी वाटून घेतलेलं आहे.

इथे मी केमिकलवाला असून माती खाल्ली. मी नेलेला सोडा निर्जल होता. स्फटिकी सोड्यात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे निर्जल सोडा २२० च्या जागी ८० ग्रॅमच पुरे. मी २२० टाकला आणि बादलीत दह्यासारखा पांढरा साका जमला, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. मोल काढायला फर्स्ट इयरला शिकवतात! अख्खी बादली फुकट. आबांनी विचारलं, “नासलं व्हय?” मी हो म्हटलं. नशिबाने कातडं अजून आत टाकलं नव्हतं.

दुसऱ्या बादलीत कातडं तीन दिवस होतं. दिवसातून तीन-चार वेळा हलवायचं, नाहीतर घडीत औषध पोचत नाही. मानेकडच्या जाड कडेला बारीक काप देऊन पाहायचं. आरपार पांढरं दिसलं की झालं, मध्ये निळसर-पारदर्शक रेघ दिसली की अजून एक दिवस.

नंतर हलकं खंगाळून, निथळून, दोरीने चौकटीला ताणून सावलीत. उन्हात मुळीच नाही. ओलसर असतानाच आतून तेल चोळलं. दोन अंड्यांचा पिवळा बलक, थोडं कोमट तेल आणि कोमट पाणी फेटून. बलकातल्या लेसिथिनमुळे तेल-पाणी एकजीव होतं आणि तेल तंतूंपर्यंत जातं. घरात आई म्हणाली, “आम्लेट होऊ दे आधी.” पण दिली तिने अंडी.

यानंतरचं काम पुस्तकात एका ओळीत उरकलंय आणि मऊपणा सगळा त्यावरच असतो. कातडं अर्धवट वाळलं की घडी दाबून सोडायची. घडीवर पांढरी रेघ उमटली की वेळ झाली. मग फळीच्या कडेवरून मागे-पुढे ओढायचं, पूर्ण वाळेपर्यंत. तासाभरात माझे खांदे गेले. आबा उठले, म्हणाले, “सर तिकडं.” ऐंशीच्या पुढचे हात, पण कातड्याने ऐकलं. प्रत्येक ठिकाणी किती ओढायचं हे ते बोटांनी आधी चाचपून ठरवत होते. वडील दारात उभे होते. त्यांनी आबांना हे काम करताना किती वर्षांनी पाहिलं असेल कोण जाणे. ते काही न बोलता आत गेले, मग पाण्याचा तांब्या घेऊन परत आले.

आबांच्या मते तुरटीचं हे काम खरं नव्हेच, आणि शास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे. तुरटी तंतूंना कच्चीच धरते, पाण्यात भिजलं तर धुऊन जाते आणि कातडं पुन्हा कच्च्यासारखं होतं. ते म्हशीची कातडी बाभळीची साल आणि हिरड्यात कमवायचे. कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, वरून सालीचं पाणी भरायचं, ते झिरपत राहायचं. कामाला आठवडेच्या आठवडे लागत, पण पक्कं. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच टॅनिनवर कमावलेलं. मला ते जमलं नसतं, आणि पांढऱ्या बोकडाचे केस त्यात तपकिरी झाले असते. क्रोम मात्र सरांनीच नको म्हटलं. ते पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न घरच्या प्रयोगात सुटत नाही. माझंही मिठाचं पाणी झाडाला घालता आलं नाही. झाड मेलं असतं.

काही सूचना. आजाराने मेलेल्या जनावराचं कातडं घेऊ नका. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, कातडी-लोकरीतून माणसाला होतो. हातमोजे घाला. हरीण वगैरे वन्य प्राण्यांचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. यावरून आठवलं, मुंजीत बटूला अजिन देतात, मृगाजिनावर तपाला बसलेले ऋषी आपण चित्रांत पाहतो. केसांसकट कमावलेलंच कातडं ते. त्यावर बसणारा पूज्य आणि ते कमावणारा गावाबाहेर, हा हिशेब मला कुठल्याच पुस्तकात सापडलेला नाही. असो.

कातडं सध्या माझ्या खुर्चीवर आहे. दोन भोकं शिवलेली आहेत, मानेजवळ रुपयाएवढं टक्कल आहे. पावसाळ्यात ते जरा दमट लागतं, राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं. किड्यांसाठी डांबराच्या गोळ्या ठेवल्यात. कुणाला बघायचं असेल तर दुसऱ्या मजल्यावर या, त्या दिवशी खड्ड्याजवळ हसलेले पण या. हात लावायला हरकत नाही, फक्त ओले हात नकोत.