‘थांब, सेव्ह करतो!’

यमुनानगरमधील एक बाई परवा आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार कपाळ दुखण्याची आणि मान अवघडण्याची. वडील चाकणला पाळीने कामाला, त्यामुळे शिस्तीचा सगळा भार आईवर. ‘‘मामाने अमेरिकेहून आपला जुना गेमबॉय आणून दिला, तेव्हापासून हे सुरू आहे. काल हिसकावून बंद केला, तर रात्री जेवला नाही,’’ असे त्या म्हणाल्या.

खेळ होता पोकेमॉनचा ‘फायररेड’. जपानात १९९६ साली निघालेल्या मूळ खेळाची ही २००४ मधील सुधारित आवृत्ती. मुलाला यात एवढे काय सापडते, हे समजून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला तो ऐकणार नाही, म्हणून मी त्यालाच खेळून दाखवायला सांगितले.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोजवळच्या त्यांच्या माचिदा गावातील शेते, तळी बुजून तेथे इमारती झाल्या. किडे शोधण्याची ती मजा शहरातल्या मुलांना मिळावी, ही त्यांची इच्छा. निगडीकरांना हे वेगळे सांगायला नको. १९७२ साली प्राधिकरण आले आणि इथल्या शेतांचे सेक्टर झाले.

खेळात मुलगा गवतातून चालतो आणि अचानक एखादा प्राणी समोर येतो. त्याला आधी थकवायचे, पण पुरता लोळवायचा नाही. लोळला की गेला. त्याला झोपवले तर पकडण्याची शक्यता वाढते. मग चेंडू टाकायचा. चेंडू हलतो, पुन्हा हलतो, आणि कधी कधी शेवटच्या क्षणी प्राणी निसटतो. बक्षीस मिळेलच असे नसते, तेव्हा मेंदूतील डोपामिन या रसायनाचा खेळ अधिक रंगतो. हातात आलेल्या वस्तूपेक्षा ‘आता मिळेल’ ही आशाच माणसाला जास्त खिळवून ठेवते.

पण केवळ आशेवर हा खेळ चालत नाही. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, अशी गणिते डोक्यात ठेवावी लागतात. घड्याळ मागे लागत नाही. तुम्ही विचार करेपर्यंत प्रतिस्पर्धी थांबतो. शिवाय दीडशे प्राण्यांपैकी काही एका आवृत्तीत मिळतच नाहीत. ते दुसऱ्या आवृत्तीवाल्या मित्राकडून अदलाबदलीने घ्यावे लागतात. काड्यापेटीचे छाप जमवणाऱ्या आमच्या पिढीला ही गोडी कळायला हरकत नसावी.

आता दुखण्याकडे वळू. सुरुवातीच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्यामागे दिवा नव्हता. हे यंत्र त्यातलेच, त्यामुळे मुलगा ट्यूबलाइटखाली मान वाकवून, यंत्र नाकाजवळ धरून बसायचा. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहावे. कोपर उशीवर टेकवून यंत्र डोळ्यांसमोर धरावे. आणि दिवसाउजेडी बाहेर खेळणे हवेच. उघड्यावर वेळ घालवणाऱ्या मुलांत लांबच्या चष्म्याचे प्रमाण कमी आढळते. दुर्गा टेकडी काही लांब नाही.

‘यामुळे फिट येते ना?’ असे सोबतच्या आजींनी विचारले. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात साडेसहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते हे खरे. पण ते दूरदर्शनवरील पोकेमॉन मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटामुळे, या खेळामुळे नव्हे. घरात कोणाला फिटचा त्रास असेल, तर मात्र कोणत्याही व्हिडिओ गेमआधी डॉक्टरांना विचारावे.

राहिला भांडणाचा प्रश्न. या खेळात लढत चालू असताना नोंद ठेवता, म्हणजे ‘सेव्ह’ करता येत नाही. मध्येच यंत्र बंद केले तर शेवटच्या नोंदीनंतरची सगळी मेहनत पुसली जाते. मुलगा चिडला तो त्यामुळे. म्हणून बाईंना सांगितले, ‘‘वेळ संपायच्या दहा मिनिटे आधी हाक मारा. ‘लढत संपव आणि सेव्ह कर’ असे सांगा. त्यानंतर मात्र यंत्र कपाटात. झोपण्याआधीचा एक तास खेळ नाही.’’

नेत्रतपासणीत पाऊण नंबर निघाला. चष्मा आल्यावर पंधरा दिवसांनी मायलेक पुन्हा आले. कपाळ दुखणे थांबले होते, मान अजून थोडी धरत होती. मुलाने निघताना हळूच विचारले, ‘‘काका, तुमच्या ओळखीत कोणाकडे लीफग्रीन आहे का?’’