डोळा पाहतो, ओळखतो मेंदू!

मूल फळ्यावरचे वाचताना अडखळते, पुस्तक नाकाशी धरते. मग शाळेत 'लक्ष नाही' आणि घरात 'ढ आहे' असा शिक्का बसतो. पालकहो, शिक्का मारण्याआधी त्याचा एकेक डोळा झाकून पाहिलात का?

डोळा म्हणजे नुसते दार. उजेड दृष्टिपटलावर पडतो आणि त्याचे संदेश डोक्याच्या मागच्या बाजूस, मेंदूच्या बाह्यथरात पोचतात. तिथल्या चेतापेशींनी कामे वाटून घेतली आहेत. कुणी उभ्या रेघेला जागी होते, कुणी आडव्या, कुणी तिरक्या. त्या एकमेकींना चेतवतात, आवरतातही. या जोडण्यांमुळेच रेघांचे अक्षर होते.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलाचा एक डोळा काही महिने बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धड होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देईनात. त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती! मोठ्या मांजरात मात्र असे घडले नाही. दृष्टीविषयीच्या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांचेही असेच होते. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक किंवा जन्मजात मोतीबिंदू असला, तर मेंदू अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. हाच 'आळशी डोळा'. तिरळेपणा भाग्याची खूण नव्हे! आधी चष्मा किंवा शस्त्रक्रिया, मग डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे मेंदूला दुबळ्या डोळ्याचे ऐकावेच लागते. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो. वय उलटले तरी दाखवावेच.

एक डोळा झाकल्यावर मूल चालवून घेते आणि दुसरा झाकताच हात झटकते, तर उघडा राहिलेला डोळा दुबळा असू शकतो. तसे वाटले नाही, तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासणी करावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. जुन्नर-आंबेगावकरांना नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय जवळ आहे. ते उभारणाऱ्या डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

बाजारात हमाली, शेतात खुरपणी. एक दिवसाची मजुरी बुडते हे खरे. मुलीला चष्मा लागला तर लग्न कसे जमेल, हीही धास्ती असते. पण मजुरी उद्या पुन्हा मिळेल. मुलांचे शिकण्याचे वय पुन्हा मिळणार नाही.