मनगट मोडलं, बोटं सांभाळा

हिवरा आश्रमाला औषधासाठी लांबून माणसं येण्याची रीत जुनी आहे. शुकदास महाराजांनी 1965 मध्ये इथं विवेकानंद आश्रम उभारला, आणि रुग्णसेवा त्यांनी आयुष्यभर केली. तरी हात मोडलेल्या पोराला अजूनही आधी घरचं तेल मिळतं, हळद-चुन्याचा लेप मिळतो. मग तालुक्याच्या गावाची, मेहकरची वाट. त्या वाटेवरच्या एका दवाखान्यात बसून मी हे काम पाहिलं.

झाडावरून पडलेला मुलगा आजीसोबत आला होता. डॉक्टरांनी दुखऱ्या जागेला आधी हात लावलाच नाही. कोपरापासून चाचपत खाली आले. मनगटातलं कडं आणि काळा दोरा मात्र लगेच काढला. सूज चढली की तो दोराच फास होतो. मग त्याला अंगठा वर करायला, अंगठा-तर्जनीचा गोल करायला, बोटं फाकवायला लावलं. पोराला खेळ वाटला. खरं तर हाताच्या तीन मुख्य नसा त्यात तपासून झाल्या.

एक्स-रेत तुटलेलं काही दिसेना. मनगटाजवळ हाडाला नुसता फुगवटा. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं: कधी एका बाजूनं चिरून दुसरीकडे वाकतं, कधी नुसतं दबतं. दबलेल्या हाडाला कडक प्लास्टर लागतंच असं नाही. ब्रिटनमधल्या 23 रुग्णालयांत 965 मुलांवर झालेली चाचणी 2022 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली; त्यात मऊ पट्टी आणि कडक आधार, दोन्हीकडच्या मुलांच्या वेदनेत फरक नव्हता. या पोरालाही काढता येईल अशी पट्टी मिळाली. आजीला ते पटेना.

“इतकीशी पट्टी? हाड वाकडं नाही होणार ना डॉक्टरसाहेब?”

“नाही होणार, आजी. फक्त चोळू नका.”

नंतरच्या मुलीचं हाड वाकलेलं होतं. ते सरळ बसवून अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब, घातलं. पूर्ण वेढा नाही, कारण पहिले एक-दोन दिवस सूज वाढते आणि तिला जागा हवी. कापूस नीट गुंडाळला, पाणी कोमटच घेतलं. प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं, गरम पाण्यानं कातडी भाजू शकते.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यानंतरचं. डॉक्टरांनी तिचं नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत गुलाबी झालं, म्हणजे बोटांत रक्त पोचत होतं. घट्ट बांबूच्या कामट्यांत बांधलेला हात रक्ताविना काही तासांत कायमचा आखडू शकतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे नोंदवलं, आणि आपल्या गावांत तशा कामट्या अजून बांधल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं.

“हात उशीवर उंच ठेवा. दुखणं वाढतच गेलं, बोटं बधिर झाली किंवा सरळ करताना ती किंचाळली, तर सकाळची वाट पाहू नका.”

“रातच्याला गाडी कुठं भेटन?” तिच्या वडिलांनी विचारलं.

“108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत पट्टी आतल्या कापसासकट कात्रीनं उभी कापा. हाड मी पुन्हा बसवीन.”